घरच्या घरी फळं-भाज्या वाळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पापड-कुरडयांच्या कृती घरोघरी ठाऊक असतात. फळं-भाज्या वाळवताना मात्र अंदाज चुकतो: वरून कडक, आतून ओली, आणि आषाढात बरणी उघडली की पांढरी बुरशी. इथं फक्त फळं, भाज्या आणि पालेभाज्या घेतल्या आहेत. पापड, सांडगे, कुरडया यांचं गणित वेगळं असतं, ते इथं नाही.

कडक ऊन असलं की झालं ना?

ऊन हवंच, पण एकटं ऊन पुरत नाही. उन्हानं फोडीतलं पाणी बाहेर येतं, ते उचलून न्यायला कोरडी आणि वाहती हवा लागते. वारा पडलेल्या दमट दिवशी ऊन कितीही चटकू दे, संध्याकाळी फोडी चिकटच लागतात. उलट नागपूर-अकोल्याकडे एप्रिलमध्ये खोलीत पंख्याखाली पसरलेली मेथीसुद्धा बघता बघता खुळखुळायला लागते.

ढोबळ नियम असा धरा: तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तर उघड्यावर वाळवायला हरकत नाही. दोन्ही आकडे मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. गच्चीवर चटई टाकण्याआधी तेवढं बघून घ्या.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते. मुंबई-रत्नागिरीकडे त्याच दिवसांत ती ६० च्या वर असते. वाळवणाच्या जुन्या रीती या फरकाशी चोख जुळतात. देशावर मेथी, हरभऱ्याचा पाला, गवार, वांग्याच्या फोडी नुसत्याच वाळवतात. कोकणात कैरीला मीठ, रातांब्याला, म्हणजे कोकमाच्या फळाला, मीठ आणि त्याचाच आंबट रस, आंब्या-फणसाच्या गराला साखर. तिथं वाळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पदार्थ बिघडू नये म्हणून ही राखण. जंतू आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं. मीठ आणि साखर ते पाणी धरून ठेवतात, आंबटपणानं बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. म्हणून कुणाची कृती उतरवून घेताना ती कुठल्या गावची आहे हे आधी विचारा. लातूरची कृती मालवणात जशीच्या तशी चालेलच असं नाही.

आम्ही मुंबईत फ्लॅटमध्ये राहतो. गच्चीची किल्ली सोसायटीकडे, गॅलरीत कबुतरं. काय करावं?

पालेभाज्या, पुदिना, कढीपत्ता, कोथिंबीर यांना गच्ची लागतच नाही. धुवून, पंच्यावर कोरड्या करून, ताटात किंवा चाळणीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवा. एसी लावलेल्या खोलीत आणखी लवकर वाळतात, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो.

कैरी, आवळा, बटाट्याचा कीस यांना खिडकीतलं चार-पाच तासांचं ऊन पुरतं; फक्त दिवस जास्त लागतात. खाली ताटाऐवजी जाळी वापरा. ताटात वरची बाजू वाळते आणि खालची घाम येऊन ओली राहते. जाळीखाली दोन विटा किंवा डबे ठेवून ती उचलून घेतली की दोन्हीकडून वारा लागतो. वर मलमल किंवा मच्छरदाणीचं कापड. पण ते फोडींना चिकटू देऊ नका, चारी कोपऱ्यांना काही ठेवून तंबूसारखं ताणा.

कबुतरांचा फार त्रास असेल तर त्या गॅलरीत खाण्याचं काही वाळत घालूच नका. त्यांच्या विष्ठेची धूळ वाऱ्यानं उडते, आणि ती कापडाच्या जाळीतून सहज आत जाते.

कुठल्या महिन्यात काय वाळवावं?

बाजारात जे भरपूर आणि स्वस्त असतं ते. मेथी, हरभऱ्याचा पाला, मटार, गाजर, आवळा हिवाळ्यात. देशावर पौष-माघातलं ऊन सौम्य असलं तरी हवा कोरडी असते, त्यामुळे काम होतं. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये, बटाटे आणि कच्ची कैरी मार्च-एप्रिलमध्ये, रातांबे, आंबा आणि फणस एप्रिल-मेमध्ये. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, सगळी बेगमी मृगाच्या आत डब्यात जायला हवी. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात, आणि सोलां (आमसुलं), आंबोशी (खारवून वाळवलेली कैरी), सुकी मिरची, सुकं मासळीवाण सगळं त्यात येतं.

फोडी किती जाड कापायच्या?

साधारण ३ ते ५ मिलिमीटर. पण जाडीपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. एकाच चटईवर पातळ आणि जाड फोडी असल्या की पातळ करपतात, जाड ओल्या राहतात, आणि बरणीत गेल्यावर ओल्या फोडी सगळ्यांना सादळवतात. विळीवर हात बसला असेल तर उत्तम, नाही तर वेफर्सची किसणी घ्या.

भाज्या आधी वाफवाव्यात का? आमच्या आजी कधी वाफवायच्या नाहीत.

काही भाज्यांना गरज असते, काहींना नसते. भाजी कापली तरी तिच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, काम करत राहतात. त्यांच्यामुळे वाळलेल्या भाजीचा रंग उडतो आणि दोन-तीन महिन्यांत गवतासारखा वास यायला लागतो. उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर दोन ते चार मिनिटं धरलं की ती थांबतात. गाजर, मटार, फरसबी, गवार, फ्लॉवर, बटाटा यांना हे नक्की करा. वाफवून लगेच गार पाण्यात बुडवा आणि कापडावर कोरडं करून मग पसरा. बटाट्याच्या कापांना पाण्यात तुरटीचा खडा फिरवतात, त्यानं काप तुटत नाहीत आणि पांढरे राहतात.

कांदा, लसूण, मिरची, भेंडी, टोमॅटो, कारली आणि सगळ्या सुगंधी पाल्यांना वाफवायचं नाही. कांदा-लसणाचा वास वाफेत निघून गेला तर उरतं काय?

आजी गवार न वाफवता वाळवत असतील तर ती बिघडत नव्हती, पण रंगानं तपकिरी आणि शिजायला हट्टी असणार. चव तीच आवडत असेल तर तशीच करा.

पालेभाजी उन्हात की सावलीत?

सावलीत, वाहत्या हवेत. थेट उन्हात हिरवा रंग उडतो, वासही जातो आणि अ जीवनसत्त्वाचा मूळ घटक नष्ट होतो. शेवटी अर्धा तास ऊन दाखवायला हरकत नाही, म्हणजे पानं चुरचुरीत होतात.

मेथीची फक्त पानं घ्या, काड्या मागे ओल धरतात. मोठ्या जुडीच्या मेथीला कसुरी मेथीचा घमघमाट येत नाही, ती जातच वेगळी आहे. तरी डाळीत, पराठ्यात ती छान लागते.

हरभऱ्याच्या पाल्याची गोष्ट निराळी. कोवळे शेंडे खुडून आणतात आणि तो पाला धूत नाहीत, कारण पानांवरची आंब, म्हणजे आंबट थर, पाण्याबरोबर वाहून जाते आणि भाजीची सगळी मजा त्या आंबेत असते. सावलीत वाळवून, हातावर चोळून, काड्या निवडून तो डब्यात भरतात. पावसाळ्यात भाज्या महागल्या की लसणाची फोडणी, थोडं पीठ, वर कच्चं तेल, आणि ज्वारीची भाकरी. फक्त पाला अशा शेतातला असावा जिथं फवारणी झालेली नाही. बाजारातून आणलेल्या पाल्याबद्दल ही खात्री नसते, तेव्हा आंब गेली तरी चालेल, पण तो धुवाच.

सफरचंद, केळी, चिकू कापल्याबरोबर काळे पडतात. उपाय?

एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस पिळून त्यात फोडी पाच-दहा मिनिटं ठेवा, निथळा आणि पसरा. रंग थोडा बदलेलच, त्यात काही वाईट नाही. बाजारातला सोनेरी जर्दाळू किंवा पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीमुळे किंवा सल्फाइटमुळे तसा दिसतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट बाजारात मिळतं आणि नियमात राहून वापरायला परवानगीही आहे, पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, आणि घरी प्रमाण काटेकोर सांभाळणं अवघड. घरात खायच्या वाळवणाला ते कशाला? डहाणू-घोलवडकडे चिकूच्या चकत्या वाळवून विकतात, त्या तपकिरीच असतात आणि चटकन संपतात.

आंबोशी कशी करतात? आमची पार काळी झाली.

आंबोशी काळपट होतेच. जून, आंबट, बाठा धरलेली कैरी घ्या, साल काढा किंवा ठेवा, उभ्या फोडी करा. मीठ आणि हवी तर हळद चोळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी निथळा आणि फोडी उन्हात घाला. संध्याकाळी आत आणा. चार-पाच कडक उन्हं मिळाली की फोड वाकते पण दाबल्यावर ओल लागत नाही. आमटीत, माशाच्या कालवणात, पावसाळी वालाच्या उसळीत दोन फोडी पुरतात.

काळी आणि कोरडी असेल तर चांगली. काळी, चिकट आणि वास मारणारी असेल तर टाकून द्या. मीठ न लावता वाळवलेली कैरी दळली की आमचूर होतं. ते काम देशावरच्या कोरड्या हवेत नीट जमतं.

आमसुलं घरी करता येतात का?

पिकलेले, लालबुंद रातांबे मिळत असतील तर नक्की. बाजारातल्या आमसुलांत मिठाचा भरणा बघितला की घरी करण्याची खटपट पटते.

रातांबे धुवून, पुसून, अर्धे कापा. बिया आणि गर एका भांड्यात काढा, सालं दुसरीकडे. बिया-गरात मीठ घालून ठेवलं की भरपूर रस सुटतो. सालं एक ऊन खाऊन जरा मरगळली की या रसात बुडवायची, रात्रभर मुरू द्यायची, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. संध्याकाळी परत रसात. ही पुटं जितकी जास्त तितकं आमसूल जाड, काळसर आणि आंबट. घाई करणारे दोन-तीन पुटांवर थांबतात; अशी आमसुलं कागदासारखी पातळ राहतात आणि सोलकढीला रंग देत नाहीत. चार-पाच पुटं तरी द्या. रस शेवटपर्यंत ताजा राहावा म्हणून तो सावलीत, झाकून ठेवा. फेस आला किंवा दारूसारखा वास आला तर तो पुढे वापरू नका.

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नको, रातांब्याचं आम्ल धातू खातं. बिया फेकू नका. वाळवून फोडल्या की त्यांतून कोकमतेल निघतं, जे थंडीत भेगांना लावतात.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. घराजवळ जागा असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात लावता येते. पण रोप कलमाचं घ्या. बियांपासून वाढवलेल्या रोपांत नर झाडं बरीच निघतात आणि त्यांना फळ धरत नाही, हे कळायलाच पाच-सहा वर्षं जातात.

आंबापोळी ताटाला चिकटते किंवा वर सुकून आत ओली राहते.

चिकटते कारण तूप कमी किंवा थर ओला असतानाच उलटला. आत ओली राहते कारण थर जाड झाला. एका वेळी ३ ते ४ मिलिमीटरहून जास्त रस ओतू नका. तो पूर्ण धरला की वर दुसरा थर. रस आधी पातेल्यात साखर घालून चटका बसेपर्यंत गरम करून घेतला, तर तो आंबत नाही आणि लवकर वाळतो. दाताखाली धागे आले तर पोळीची मजा जाते, म्हणून रायवळ असेल तर रस गाळून घ्या. हापूसला गाळायची गरज नाही, पण हापूसची पोळी करायची म्हणजे हापूस फारच स्वस्त मिळायला हवा!

फणसपोळीला बरका, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा फणस लागतो. काप्याचे, म्हणजे कडक फणसाचे, गरे तळायचे किंवा तसेच खायचे, त्यांचा रस होत नाही.

घरी बेदाणे होतात का?

होतात, आणि लहान मुलांना करायला देण्यासारखं हे काम आहे. थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश अशी बिनबियांची, चांगली पिकलेली, पिवळसर झाक आलेली द्राक्षं घ्या. हिरवी, आंबट घेतलीत तर बेदाणाही आंबटच होणार.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो पाणी बाहेर सोडत नाही, म्हणून न बुडवलेली द्राक्षं दिवसेंदिवस तशीच पडून राहतात. सांगली-तासगावकडे द्राक्षघड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात. तिथं वरून छप्पर आणि चारी बाजूंनी वारा असतो. ऊन थेट न लागल्यानं बेदाणा हिरवट-पिवळा राहतो. घरी द्राक्षं उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवा. सालीला बारीक भेगा पडल्या की काढा, पुसा, उन्हात पसरा. चार ते सहा दिवसांत होतात. रंग तपकिरी येतो, गोडी चांगली असते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा.

वसईची सुकेळी घरी जमतील का?

साध्या वेलची केळ्यांची नाही. सुकेळी होतात ती राजेळी केळ्यांची. लांब, जाड आणि घट्ट गराची. केळी पूर्ण पिकवून, सोलून अख्खी उन्हात ठेवतात आणि रात्री गुंडाळून ठेवतात, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या थरात येतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात उडतं. आठवडाभर हे चालतं. राजेळी मिळाली तर जरूर करून बघा. वेलची केळी उभी चिरून वाळवलीत तर चिवट गोड काप होतात, तेही वाईट नाहीत.

टोमॅटो?

त्यात ९४ टक्के पाणी असतं, म्हणजे एक किलोचे जेमतेम ६०-७० ग्रॅम उरतात. लांबट, घट्ट टोमॅटो घ्या, बिया काढा, मीठ भुरभुरा, कापलेली बाजू वर ठेवा. कोकण-मुंबईत हे उघड्यावर करू नका, बुरशी हमखास येते.

वाळलेले टोमॅटो लसणासह तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धत इंटरनेटवर दिसते. ती टाळा. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि ओल राहिली असेल तर बोट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचं, विष तयार होण्याचा धोका असतो. तेलात घालायचेच असतील तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

पुरेसं वाळलं हे ओळखायचं कसं?

गरम असताना तपासू नका. गरम फोड मऊच लागते. सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि मग बघा.

भाजी कट्कन मोडली पाहिजे आणि डब्यात हलवल्यावर खडखडली पाहिजे. पानं मुठीत चुरली पाहिजेत. फळांचं तसं नसतं, ती साखरेमुळे वातडच राहतात. फोड दुमडली की तुटू नये, आणि दाबून चिरली तर आत ओल चमकू नये. भाज्यांत शेवटी ५ ते ७ टक्के पाणी राहावं लागतं, फळांत १५ ते २० टक्के चालतं.

वजनावरून ताळा करता येतो. मेथीत सुमारे ८६ टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो निवडलेल्या पानांचे दीडशे ग्रॅमच्या आसपास उरायला हवेत. तुमचे अडीचशे भरत असतील तर आणखी एक दिवस पंख्याखाली ठेवा.

मध्येच वळवाचा पाऊस आला आणि अर्धवट वाळलेलं भिजलं. आता?

नुसत्या दमट हवेनं मऊ पडलं असेल तर घरात पंख्याखाली पसरा आणि दुसऱ्या दिवशी ऊन द्या. पावसात खरंच भिजलं असेल तर ताजी भाजी समजून त्याच दिवशी शिजवून टाका, किंवा ओव्हनमध्ये ६० अंशांवर पूर्ण करा. पिशवीत भरून ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू नका, रात्रीत आंबूस वास येतो. खारवलेल्या कैरीला आणि आमसुलांना मात्र दोन दिवस मळभ सोसतं.

रोज संध्याकाळी वाळवण आत आणायचं तेही याचसाठी. पहाटेचं दव दिवसभराची मेहनत परत ओली करतं.

डिहायड्रेटर, म्हणजे विजेवरचं वाळवणयंत्र, घ्यावं का?

कोकणात, मुंबईत किंवा लंडन-न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहत असाल आणि दर महिन्याला वापर होणार असेल तर घ्या. वर्षातून एकदा मेथी वाळवायला नको. घरगुती यंत्र ३०० ते ५०० वॅटचं असतं, दहा तास चालवलं तर ३ ते ५ युनिट वीज. पंखा मागे असलेलं यंत्र घ्या, खाली पंखा असलेल्यात वरच्या आणि खालच्या ट्रेंची अदलाबदल करत बसावं लागतं.

तापमान: पानांना ३५ ते ४० अंश, भाज्यांना ५२ ते ५५, फळांना ५५ ते ६०. लवकर व्हावं म्हणून ८० वर नेऊ नका. बाहेरचा थर आधीच कडक होतो, आतलं पाणी अडकून पडतं, आणि वरून उत्तम दिसणारी फोड बरणीत पंधरा दिवसांत बुरशी धरते. घरच्या वाळवणातल्या बुरशीचं मूळ बऱ्याचदा याच घाईत असतं, यंत्र असो की ऊन.

ओटीजी, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर?

ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, बहुधा १०० अंशांच्या खाली नीट जात नाही. जात असेल तर ६० वर, दार बोटभर उघडं ठेवून. वाफ बाहेर पडायला वाट हवी. मायक्रोवेव्ह कढीपत्ता-पुदिन्यापुरता ठीक: कागदावर पसरून अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं बघत. बाकी कशालाही नको, एक कड करपते आणि दुसरी कच्ची. एअर फ्रायरमध्ये सुकवण्याचा वेगळा कार्यक्रम असेल तरच.

सोलर ड्रायर घरी बनवता येतो का?

येतो. लाकडी खोकं, आतून काळा रंग, वर काच, मध्ये जाळी. लोक विसरतात ती भोकं. खाली थंड हवा आत यायला आणि वर ओली हवा बाहेर जायला रांगेनं भोकं ठेवा, त्यांना बारीक जाळी लावा. भोकं नसली तर भाजी वाळण्याऐवजी वाफवली जाते. धूळ, माशा, कावळे यांपासून सुटका हा याचा खरा फायदा. मराठवाड्यात शेतकरी महिलांकडून सौर ड्रायरवर भाजीपाला वाळवून घेणाऱ्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या कंपनीला २०२३ चा अर्थशॉट हा पर्यावरणविषयक पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणावर हे कसं चालतं ते बघायचं असेल तर ते चांगलं उदाहरण आहे.

वाळलेलं थेट डब्यात भरलं तरी सादळतं. का?

सगळ्या फोडी सारख्या वाळलेल्या नसतात म्हणून. आधी काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा, आठवडाभर रोज एकदा हलवा. थोडी ओली फोड आपली ओल शेजारच्यांना वाटून देते. या दिवसांत काचेवर आतून बाष्प दिसलं तर सगळं परत उन्हात. नाही दिसलं तर लहान डब्यांत भरून टाका. एक मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा चार लहान डबे बरे, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये.

अंधारी, गार जागा निवडा. गॅसच्या शेगडीवरचं कपाट ही सगळ्यात वाईट जागा. आपल्या हवेत फळं सहा महिने, साध्या भाज्या तीन-चार महिने चवीनं टिकतात; फ्रिजमध्ये त्याहून जास्त. आमसुलं आणि आंबोशी वर्षभर सहज.

किडे आणि जाळी होऊ नये म्हणून?

उघड्यावर वाळवलेल्या फळांवर किड्यांची अंडी असू शकतात, दिसत नाहीत इतकंच. हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ४८ तास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाही तर फोडींना घाम सुटतो. ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास हा दुसरा मार्ग.

थोडीशीच बुरशी आहे. तेवढी काढून बाकीचं वापरू?

नाही. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा लांब पसरलेले असतात, आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात जे शिजवूनही जात नाही. ती बरणी पूर्ण रिकामी करा. आमसुलांवरचा पांढरा थर मात्र बऱ्याचदा मिठाचे कण असतात: पाण्यात विरघळले तर मीठ, केसाळ असेल तर बुरशी.

जीवनसत्त्वं उरतात का? मधुमेह असेल तर सुकं फळ चालतं का?

क जीवनसत्त्व बरंचसं जातं. तंतू, लोह, पोटॅशियम राहतात. साखर कुठंच जात नाही, फक्त आटून दाट होते. वीस-पंचवीस द्राक्षं एका बैठकीला पुरतात, बेदाणे मात्र तितकेच खाऊन कुणी थांबत नाही. मधुमेह असेल तर फळं मोजून, डॉक्टरांना विचारून खा. वाळलेल्या भाज्यांचा प्रश्न नाही. रक्तदाब असेल तर आंबोशी-आमसुलांतलं मीठ हिशेबात धरा आणि आमटीत वेगळं मीठ शेवटी, चाखून घाला.

वाळलेली भाजी शिजवायची कशी?

एक वाटी भाजीला दोन वाट्या कोमट पाणी, अर्धा ते दीड तास. त्याहून जास्त वेळ भिजवायची असेल तर फ्रिजमध्ये. भिजलेली भाजी ताज्या भाजीसारखीच नासते. भिजवलेलं पाणी स्वच्छ असेल तर त्याच पाण्यात शिजवा. मीठ आणि आंबट शेवटी, आधी घातलं तर फोडी मऊ होत नाहीत. गवार आणि वांग्याच्या फोडींना शेंगदाण्याचं कूट किंवा तीळ लागतातच, नाही तर त्या कोरड्या लागतात. पानांना भिजवायची गरज नाही.

काय वाळवू नये?

काकडी, कलिंगड, सॅलडची पानं. पुरंदरचं अंजीर ताजं खाण्यात जी मजा आहे ती वाळवून येत नाही. सुक्याची हौस अफगाणी अंजिरावर भागवा.

थोडं विकायचं ठरवलं तर?

घरून विकलं तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. ऑनलाइन अर्ज करता येतो. लेबलवर घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. गंधक किंवा सल्फाइट वापरलं असेल तर तेही लिहावं लागतं. सुरुवात आमसुलं किंवा आंबापोळीनं करा. वाळलेल्या भाजीला गिऱ्हाईक मिळवायला वेळ लागतो.

परदेशात मुलांकडे पाठवता येईल का?

देशागणिक नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक: तिथं उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ अर्जावर जाहीर करावा लागतो, लपवला तर मोठा दंड बसतो. अमेरिकेतही जाहीर करणं सक्तीचं आहे. घरगुती, लेबल नसलेल्या पुड्या अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून पाकिटावर इंग्रजीत पदार्थाचं नाव स्पष्ट लिहा आणि बिया, माती, काड्या राहू देऊ नका. आमसुलं सामानात ठेवताना दोन पिशव्यांत घट्ट बांधा, विमानात ती पाझरली की शेजारचे पांढरे कपडे कायमचे गुलाबी होतात.